करंगळी, काजळ आणि कुलूप

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर एक फिकट चौकोन होता. बाकीची भिंत मळून करडी झालेली, चौकोन तेवढा मूळच्या निळ्या रंगाचा, आणि चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं. तिथे पूर्वी आरसा होता. तो काढून मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटामागे ठेवलाय, असं मला दाखवायला आलेल्या बाईंनी सांगितलं. "आरसा होता तोवर मुली तिथून हलायच्याच नाहीत हो."

मग आता हलतात का, असं विचारल्यावर बाई हसल्या आणि त्यांनी मला शेजारच्या प्रयोगशाळेची खिडकी दाखवली. अंधार करण्यासाठी तिच्या काचा आतून काळ्या रंगवल्या आहेत. मुली आता त्यात बघतात. शिवाय स्टीलच्या डब्याची झाकणं आहेतच, त्यांना कोण अडवणार?

ही ठाणे जिल्ह्यातली एक अनुदानित मराठी शाळा. नाव देत नाही, कारण जे इथे चालतं तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतं. एकाच शाळेला का धरायचं? गेलं वर्षभर निरनिराळ्या कामांनी मी शाळांत जात होते. शिक्षकखोलीत चहा आला की मी हळूच हा विषय काढायचे. मुलींचा नट्टापट्टा, बाथरूममधल्या गप्पा. मग चहा गार होईपर्यंत कुणी थांबायचं नाही. अभ्यासक्रम, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं या सगळ्या दुखण्यांइतकंच हे एक जिव्हाळ्याचं दुखणं आहे. "सहावीपर्यंत बऱ्या असतात," एक बाई म्हणाल्या. "सातवीच्या दिवाळीनंतर बघा. सुट्टीत मामाकडे जातात आणि मामेबहिणीकडून काहीतरी शिकून येतात."

एका मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्यांचा जप्तीचा खण उघडून दाखवला. टेबलाचा सगळ्यात खालचा. त्यात लिपबामच्या डब्या, काजळाच्या कांड्या, वाळून गेलेलं नेलपेंट, चमकीच्या टिकल्यांची पाकिटं, डझनभर क्लचर, आणि पापण्या वळवण्याचा तो चिमट्यासारखा प्रकार. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा शिक्षकखोलीत कुणालाच ओळखेना. प्रयोगशाळेतून उचलला असणार असं ठरवून विज्ञानाच्या सरांकडे पाठवला. सरांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि आमचा नाही म्हणून परत केला.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे टिंट. लिपस्टिक ओळखू येते. टिंट म्हणजे ओठांना नुसती गुलाबी झाक देणारा पातळ रंग. लावलाय की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. मुलगी म्हणते, "बाई, माझे ओठ असेच आहेत." यावर काही शाळांत पांढऱ्या रुमालाची परीक्षा असते. परिपाठानंतर रांग लावायची, रुमाल ओठांवर टेकवायचा, रंग उमटला तर डायरीत शेरा. पन्नाशीच्या, गणित शिकवणाऱ्या, घरी दोन मुली वाढवलेल्या बाई सकाळी साडेसातला चौदा वर्षांच्या मुलीचे ओठ पुसून बघतायत, हे चित्र त्यांनाही फारसं आवडत नसावं. पण "वरून सांगितलंय."

या सगळ्याचं केंद्र म्हणजे स्वच्छतागृह. रंग लावायचा तिथे, पुसायचा तिथे, घोळका करायचा तिथे. म्हणून शाळांचे उपायही तिथेच येऊन थांबतात. आरसा काढणं हा त्यातला सौम्य. तास चालू असताना जाऊच द्यायचं नाही, हा दुसरा. वर्गात एकच लाकडी पाटी ठेवायची, ती गळ्यात अडकवून एका वेळी एकीनेच जायचं, हा तिसरा. शहरातल्या इंग्रजी शाळांत त्याला ‘पास’ म्हणतात. आणि शेवटचा, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे कुलूप. किल्ली मावशींच्या कमरेला. मावशी मैदान झाडत असतील तर मैदान ओलांडून जायचं, सगळ्यांदेखत किल्ली मागायची.

यात नुसता शिस्तीचा भाग नाही, गणिताचाही आहे. स्वच्छ विद्यालय मोहिमेने मापदंड घालून दिला तो असा : चाळीस विद्यार्थ्यांमागे एक घटक, आणि एका घटकात एक शौचकूप व तीन मुताऱ्या. कागदावर चाळीस मुलींना चार जागा. पण मुलींच्या मुताऱ्यांना बहुतेक ठिकाणी दार नसतं, नुसती कमरेएवढी भिंत. पाचवीतल्या मुली तिथे बसतात; आठवीतली बसत नाही, आणि पाळीच्या दिवसांत तर नाहीच नाही. म्हणजे मोठ्या मुलींसाठी खरी जागा एकच, दार असलेली. मधली सुट्टी वीस मिनिटांची. चाळीस मुली, एक दार. एकीच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं, आणि त्याच वीस मिनिटांत डबाही खायचा असतो. हे झालं मापदंड पाळणाऱ्या शाळेचं.

तेव्हा बाईंना दुरून जो घोळका दिसतो, त्यातला अर्धा घोळका नसतो. ती रांग असते. रांगेत उभी असलेली बाईमाणूस गप्प उभी राहील अशी अपेक्षा रेशनच्या दुकानातही कुणी करत नाही.

आणखी एक गोष्ट मला मुलींनीच दाखवली. वर्गात मुलगी करंगळी वर करते आणि विचारते, "बाई, हिला घेऊन जाऊ?" बाई म्हणतात, "दोघी कशाला? गप्पा मारायला?" दोघी अशासाठी की दाराची कडी तुटलेली असते. एक आत, एक बाहेर दार धरून. मी पाहिलेल्या स्वच्छतागृहांत आतून धड लागणाऱ्या कड्या मला फार थोड्या दिसल्या. कुठे कडीच्या जागी सुतळी, कुठे खिळ्याला अडकवलेली जुनी ओढणी. चाळीस-पन्नास रुपयांच्या कडीचं काम मैत्रिणी करतात, आणि त्याबद्दल बोलणी खातात.

आकड्यांकडे एकदा बघून पुढे जाऊ. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हा त्यातला एक निकष. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात हे पूर्ण करू असं सांगितलं आणि पुढच्या वर्षी सरकारने हिशेब दिला : २,६१,४०० शाळांत ४,१७,७९६ स्वच्छतागृहं. सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्यांपैकी काहींची पाहणी महालेखापरीक्षकांनी केली, तेव्हा ७२ टक्के ठिकाणी आत वाहतं पाणी नव्हतं. ग्रामीण शाळांची ‘असर’ पाहणी दरवेळी मुलींच्या स्वच्छतागृहांची नोंद करते. २०१८ मध्ये देशभरातल्या ६६.४ टक्के शाळांत ती वापरण्याजोगी होती, २०२४ मध्ये ७२ टक्के. सुधारणा आहे, नाकारू नये. पण त्या तक्त्यात एक रकाना मला नेहमी अडवतो. ‘स्वतंत्र सोय आहे, परंतु कुलूपबंद’. कुलूप ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तिच्यासाठी तक्त्यात कायमची जागा ठेवावी लागते.

कुलूप लावणारा कधी स्वच्छतेचं कारण देतो, कधी पाहुणे येणार असल्याचं, कधी लिपस्टिकचं. मुलीच्या मूत्राशयाला कारण कळत नाही. ती सकाळपासून पाणी पीत नाही, इतकंच. केरळमध्ये २०१९ साली शाळांतून मुलांना पाणी प्यायची आठवण करून देणारी घंटा वाजवायला सुरुवात झाली, तिचं कौतुक झालं, आणखी राज्यांनी ती उचलली. चांगलंच आहे. पण पाण्याची घंटा वाजवायची आणि पुढच्या दाराला कुलूप ठेवायचं, याला काय म्हणावं? फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या अनेक शाळांत तासाच्या वेळी स्वच्छतागृहं बंद ठेवण्याविरुद्ध मुलांनी निदर्शनं केली. आपल्याकडे निदर्शनं होत नाहीत. आपल्याकडच्या मुली घरी जाईपर्यंत थांबतात.

आता थोडं माझं. मी सातवीत होते आणि मावशीच्या लग्नाहून परत आले होते. नखांवर लाल रंग राहिला होता, काढायला घरात काही नव्हतं. आमच्या बाईंनी मला मधल्या सुट्टीभर व्हरांड्याच्या कोपऱ्यात कौलाच्या तुकड्याने नखं खरवडायला बसवलं. उजव्या हाताची नखं डाव्या हाताने खरवडता येत नाहीत नीट. एका बोटातून रक्त आलं. बाई दुष्ट नव्हत्या. मी तापाने पडले तर घरी येऊन चौकशी करतील अशा होत्या. पण ‘नटवी’ हा शब्द त्यांनी त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर उच्चारला आणि तो दहावीपर्यंत माझ्या मागे राहिला. आज शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. कौलाचा तुकडा गेला. शब्द आहे.

गंमत अशी की त्याच शाळेत डिसेंबरमध्ये गॅदरिंग असायचं. तेव्हा तालुक्याहून रंगभूषा करणारा माणूस यायचा. वर्गाच्या बाकांवर आम्हाला ओळीने बसवून, एकच स्पंज सगळ्यांच्या तोंडावर फिरवत, गालांवर गुलाबी गोळे आणि ओठांवर भडक लाल फासायचा. कोळीनृत्य, लावणी, देशभक्तिपर गीत, सगळ्यांना तोच चेहरा. बाई स्वतः उभ्या राहून "अजून थोडं लाव रे, मागच्या रांगेतून दिसत नाही" म्हणायच्या. हे आजही तसंच आहे, फक्त स्पंज बदलले. म्हणजे शाळेचा विरोध रंगाला नाही. प्रमुख पाहुण्यांसाठी रंग चालतो. मुलीने स्वतःसाठी, स्वतःच्या हाताने, कुणी न सांगता लावला की तो नट्टापट्टा होतो.

आणि रंग म्हणजे नेमकं काय, हे तर संस्थेगणिक बदलतं. मराठी शाळेत कपाळावर टिकली नसेल तर "रिकामं कपाळ का?" असं विचारणाऱ्या बाई अजून सापडतात. चार गल्ल्या पलीकडे कॉन्व्हेंटमध्ये तीच टिकली काढायला लावतात. नागपंचमीची मेंदी एका शाळेत संस्कृती, दुसऱ्या शाळेत पन्नास रुपये दंड. काजळ आजीने घातलं तर दृष्ट लागू नये म्हणून, आणि नातीने घातलं तर कुणाची नजर पडावी म्हणून. दोन्हींत काजळ तेच.

हा संशय नवा नाही. पुण्यात भिडे वाड्यात फुले पतीपत्नींनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, आणि १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं, जे पुढे हुजूरपागा म्हणून नावाजलं. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, नारायण बापूजी कानिटकरांचं ‘तरुणीशिक्षणनाटिका’ आलं. शिकलेली मुलगी हाताबाहेर जाणार, हे त्याचं भाकीत. तेव्हापासून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या अक्षराइतकंच तिच्या पेहरावाकडे आपलं लक्ष आहे. गणित चुकलं तर गणित चुकतं. वेणी चुकली तर वळण चुकतं.

मधल्या काळात बाजार मात्र थांबला नाही. मुंबईत १९१९ साली ई. एस. पाटणवालांनी ‘अफगाण स्नो’ आणलं, ते आमच्या आज्यांच्या फडताळात असायचं. १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ काढलं. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आलं आणि गोरेपणाची आपली जुनी हौस ट्यूबमध्ये भरून विकू लागलं. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला, ट्यूब राहिली. या तीन पिढ्यांत शाळेची नियमावली काही बदलली नाही. दोन वेण्या, रिबिनी, आणि ‘कोणत्याही प्रकारची सौंदर्यप्रसाधने वापरू नयेत’.

पण मला वाटतं आपण रंगाकडे फार बघतो. मुली तिथे रंगासाठी जात असतील, थांबतात त्या दुसऱ्याच कशासाठी. एका शाळेत मी मधल्या सुट्टीभर मुलींच्या स्वच्छतागृहात, हात धुवायच्या जागेपाशी उभी राहिले. आधी सगळ्या गप्प झाल्या. "या कोण काकू?" अशी कुजबुज झाली. पाच मिनिटांनी मला विसरल्या. एक मुलगी दुसरीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. एकीने लिपबाम काढला, चौघींच्या बोटांवरून तो फिरला. एक कोपऱ्यात रडत होती; चाचणीत कमी मार्क पडले होते आणि बाबा घरी होते. एकीने आपलं स्वेटर सोडून मैत्रिणीच्या कमरेला बांधलं, मागचा डाग झाकायला, आणि दोघी काहीच न झाल्यासारख्या बाहेर पडल्या. दुसरी कुणीतरी कुणाच्या तरी भावाबद्दल काही म्हणाली आणि सगळ्या इतक्या हसल्या की बाहेरून मावशींनी दार वाजवलं.

जाताना एका नववीतल्या मुलीला विचारलं, गप्पाच मारायच्या तर मैदानात का नाही? ती म्हणाली, "काकू, मैदानात मुलं क्रिकेट खेळतात. वर्गात पण मुलं असतात. व्हरांड्यात सर असतात. इथे कोणी नसतं."

याला उत्तर नाही. आपल्या गावांत बायकांचा पाणवठा होता, परसदार होतं, नदीवरचा धुण्याचा दगड होता. काम हातात असायचं म्हणून तिथे थांबायला कुणी हरकत घ्यायचं नाही. आणि सासूच्या, दिराच्या, गावाच्या सगळ्या बातम्या तिथेच फिरायच्या. नवरात्रात भोंडला असायचा. मधे हत्ती ठेवून फेर धरायचा, आणि गाण्यांत सासरचा यथेच्छ उद्धार करायचा. पुरुषांना कट्टा होता, पार होता, पानटपरी होती, तिथे बसायला हातात काम लागत नव्हतं. २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर’ या पुस्तकात मुंबईतल्या बाईबद्दल हेच मांडलं : तिला घराबाहेर थांबायचं तर कारण लागतं. त्याच वर्षी मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली. मला हे दोन्ही एकाच प्रश्नाचे दोन कान वाटतात. शाळेतल्या मुलीला विनाकारण थांबायला जागा नाही. तिच्याजवळ शाळेला मान्य असलेलं कारण एकच आहे, आणि ते दाखवायला तिला करंगळी वर करावी लागते.

मोठेपणी हेच चित्र लोकलच्या डब्यात दिसतं. चर्चगेट–बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुटली. त्या डब्यांत सकाळी बायका भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, धावत्या गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने डोळ्यांत लायनर ओढतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकाने फीचर छापून येतं. मीही लिहिलंय तसं एक. त्यांची मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये तेच करते तेव्हा आईला शाळेत बोलावणं जातं.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी, आणि ती हलकी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी होता स्वच्छतेसाठी नेमलेला पुरुष कर्मचारी, आणि जागा स्वच्छतागृहाची होती. २० ऑगस्टला लोक रेल्वेरुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी याविषयी आदेश काढले. मार्च २०२२ च्या निर्णयाने नेमायच्या ‘सखी सावित्री’ समित्यांची पुन्हा आठवण झाली. तेव्हा "मुलींना त्यांचं त्यांचं राहू द्या, तिकडे बघू नका" असं म्हणणं मूर्खपणाचं आहे. फोनचा प्रश्न आहे. दप्तराच्या तळाशी लपवलेला मोबाइल आरशासमोर रील करायला बाहेर येतो, आणि चौकटीत कधी अशी मुलगी सापडते जिला आपण चित्रित होतोय हे माहीतही नसतं. दादागिरी तिथे होते. एखादीला ठरवून बाहेर ठेवणं तिथे होतं. एका बाईंनी मला सांगितलं, त्यांना एका मुलीच्या हातावरचे ब्लेडचे व्रण तिथेच, हात धुताना दिसले. बाई तिथे गेल्या नसत्या तर दिसले नसते.

म्हणून मोठ्या माणसाने तिथे असावं. प्रश्न आहे तो कुठलं माणूस, आणि काय शोधत.

कारण चुकीचं शोधायला लागलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. जुलै २०२५, शहापूरची एक खासगी शाळा. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावून डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, कुणाला पाळी आली आहे ते विचारलं, आणि नाही म्हणणाऱ्या मुलींना आत नेऊन तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत भुजच्या एका वसतिगृहात ६८ मुलींना असंच तपासलं होतं. शहापूरच्या शाळेला हवं होतं काय, तर स्वच्छता. स्वच्छतेसाठी लागतं पाणी, डबा, झाडणारी बाई आणि पॅड. २०१८ च्या महिलादिनी राज्याने अस्मिता योजना काढली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींसाठी आठ पॅडच्या पाकिटाची किंमत पाच रुपये ठेवली होती. पाच रुपयांचं पाकीट आणि झाकणाचा डबा, एवढ्यावर मिटणारी गोष्ट होती.

रुमालाची परीक्षा आणि शहापूर एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण वाट एकच आहे. मुलीच्या शब्दावर विश्वास नाही, म्हणून तिच्या अंगावर पुरावा शोधायचा.

आणि खरोखर बोलायला हवं ते राहूनच जातं. अकोल्यात एका तरुणीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना एकाच सुमारास सूज आली. डॉक्टर चक्रावले. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा दोष निघाला तिघी वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याचा. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच क्रीममुळे मूत्रपिंडाच्या विकाराच्या बातम्या आल्या. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता नसलेल्या डबीत काय आहे ते कुणी तपासत नाही. पारंपरिक सुरम्यात शिसं असतं. एकाच कांडीने सहाजणींनी काजळ घातलं तर डोळे येण्याची साथ वर्गभर फिरते. हा विज्ञानाचा तास आहे, आणि सातवीच्या कुठल्याही तासापेक्षा तो मुली अधिक लक्ष देऊन ऐकतील. पण जप्तीचा खण उघडून, त्यातली एकेक डबी हातात घेऊन, मागची बारीक अक्षरं मुलींबरोबर वाचणारी शाळा मला सापडली ती एकच.

तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्तीला आल्या आहेत, म्हणून कदाचित कुणाला घाबरत नाहीत. त्यांनी काय केलं? सगळ्या दारांना नव्या कड्या बसवल्या. कुलूप काढून टाकलं. आरसा आतून काढला, पण कपाटामागे न ठेवता बाहेर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, येताजाता सगळ्यांना दिसेल असा लावला. पहिला आठवडाभर आरशापुढे मुलींपेक्षा मुलगेच जास्त होते, केस ओले करून भांग पाडत. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चित्रकलेचा वर्ग मधल्या सुट्टीत मुलींसाठी उघडा ठेवला. तिथे बाकांवर बसून त्या डबा खातात, गप्पा मारतात, कुणी कुणाच्या वेण्या घालतं. एक बाई दाराशी वही तपासत बसतात आणि न ऐकल्यासारखं करतात. मेकअपचा नियम आठवी-नववीच्या मुलींनाच लिहायला सांगितला. मुलींचा नियम बाईंच्या नियमापेक्षा कडक निघाला. बाईंनीच काजळ आणि लिपबाम त्यात परत घातले.

लिपस्टिक थांबली का, असं मी त्यांना विचारलं. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मागच्या सोमवारीच दोघींना तोंड धुऊन यायला सांगितलं. पण आता तोंड धुतात आणि परत वर्गात येतात. पूर्वी तास बुडवून आत बसायच्या."

शिक्षकांना यात एकटं पाडण्यात अर्थ नाही. सत्तर मुलांचा वर्ग, अर्ध्या पदांवर माणूस नाही, आणि ‘तुमच्या शाळेतल्या मुली कशा राहतात’ हे विचारणारे आपणच. संस्थेच्या बैठकीत कड्यांसाठी पैसे मागितले तर वेळ लागतो. कुलूप लगेच मिळतं. वार्षिक सभेत पालक विचारतात ते निकालाचं, बसचं, फीचं. मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल कुणी विचारल्याचं मला एकाही शाळेत ऐकायला मिळालं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसऱ्या सत्राची पालक सभा असते. तिथे एकदा म्हणावं, मुलींचं स्वच्छतागृह दाखवा. आयांनी आत जाऊन यावं. कडी आतून लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं बघावं. आरसा असला तर त्यात आपलाही चेहरा बघून घ्यावा, केस नीट करावेत, आणि बाहेर यावं.